पाऊण इंची पाइप आणि पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूल

ही ओळ बघा.

"पीव्हीसी पाइप ३/४""",मीटर,१२०

पहिल्या रकान्याच्या शेवटी एकापाठोपाठ तीन डबल कोट. ‘फाइलमध्ये कचरा येतोय’ म्हणून मला जे स्क्रीनशॉट येतात, त्यांत अशी एखादी ओळ हमखास असते. या ओळीत कचरा काहीही नाही. तिघांतले पहिले दोन मिळून इंचाची एक खूण, तिसरा रकाना बंद करणारा. सुरुवातीला एकटा उभा आहे तो रकाना उघडणारा. ज्या मॉड्यूलने ही ओळ लिहिली त्याने आपलं काम चोख केलंय, आणि आज त्याच मॉड्यूलबद्दल लिहायचंय: पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर फुकट मिळणारं सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइली वाचणारं-लिहिणारं.

मी सांगलीत राहते आणि आसपासच्या दुकानांना, पतसंस्थांना छोटे प्रोग्रॅम लिहून देते. कुणाला स्टॉकची यादी एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात भरायची असते, कुणाला पगाराची फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवायची असते. या कामात डेटाबेस वगैरे नंतर येतो. आधी येते ती सीएसव्ही फाइल. त्यामुळे हे मॉड्यूल माझ्या रोजच्या वापरातलं आहे आणि त्याची खोड मला पुरती ठाऊक झालीय.

कोटांचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो हार्डवेअरच्या दुकानांत. कारण उघड आहे. पाइप, एल्बो, टी, बॉल व्हॉल्व्ह, सगळ्यांची मापं इंचात, आणि कीबोर्डवर इंचाची खूण म्हणजे डबल कोटच. १/२", ३/४", १ १/४", अशा खुणांनी स्टॉकची यादी भरलेली. ज्यांच्या दुकानाचं काम मी बरीच वर्षं बघते त्यांना बाजारात सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पहिल्यांदा ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा विचारलं, “मॅडम, मी तर एकदाच दोन रेघा मारल्यात. ह्या बाकीच्या कुणी मारल्या?”

प्रश्न रास्त होता. सीएसव्हीत रकाने स्वल्पविरामाने वेगळे होतात. मजकुरातच स्वल्पविराम आला, म्हणजे ‘मु. पो. कवठे, ता. तासगाव, जि. सांगली’ असा पत्ता आला, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने काय समजायचं? म्हणून असा मजकूर डबल कोटांत गुंडाळतात. मग मजकुरातच डबल कोट आला तर? तो दोनदा लिहितात. ओळ मोडणारं अक्षर आत असलं तरी पुन्हा कोट. नियम एवढेच. ते कागदावर नीट उतरले २००५च्या ऑक्टोबरात, आरएफसी ४१८० या नावाने (इंटरनेटचे तांत्रिक नियम अशा क्रमांकांच्या दस्तऐवजांत लिहितात). तेही बंधनकारक मानक नाही, नुसता माहितीपर मजकूर. पायथॉनचं मॉड्यूल त्याच्याही आधीचं, २००३ सालच्या २.३ आवृत्तीपासूनचं. त्यामुळे मानक पाळायला मानकच नव्हतं. एक्सेल जशी फाइल लिहितं तशी लिहायची, असं ठरवून ते बांधलं गेलं. आजही त्याच्या मूळ सेटिंगचं नाव ‘एक्सेल’ असंच आहे.

या मूळ सेटिंगमध्ये कोट ‘मिनिमल’ असतात. म्हणजे गरज असेल तिथेच. ‘कपलर’ला कोट लागत नाही, ‘ठिबक लॅटरल १६ मिमी’ला लागत नाही, पत्त्याला लागतो, इंचाला लागतो. हे धोरण मला पूर्ण पटतं आणि माझं मुख्य म्हणणंही तेच आहे: मिनिमलवर असताना हे मॉड्यूल कारणाशिवाय एकही कोट टाकत नाही. कोट दिसला की आपण त्याच्या हातात काय दिलं होतं ते तपासायचं. लोक उलटं करतात. कोट दिसला की तो दाबायचं बटण शोधत बसतात.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे अख्खी ओळच कोटांत.

"कपलर,नग,२५०"

ही फाइल एक्सेलमध्ये उघडा, सगळं पहिल्याच रकान्यात कोंबलेलं दिसेल. इथे लिहिणाऱ्याने तीन घटक आधी स्वतःच स्वल्पविराम घालून जोडले, आणि तयार झालेली एक लांब ओळ चौकटी कंसात टाकून ‘राइटरो’ला, म्हणजे मॉड्यूलच्या ओळ लिहिणाऱ्या फंक्शनला, दिली. मॉड्यूलच्या दृष्टीने ही एका रकान्याची ओळ, आणि त्या रकान्यात दोन स्वल्पविराम. मग ते कोट लावणारच. कपलर, नग आणि २५० असे तीन वेगळे घटक यादीत द्यायचे, जोडायचं काम त्याच्यावर सोपवायचं. बस्स. या एका दुरुस्तीने कितीतरी जणांचे नको असलेले कोट नाहीसे होतील, पण त्यांनी तोवर कोट बंद करायची सेटिंग शोधलेली असते आणि ती लावून नवीन गोंधळ घातलेला असतो.

याचाच सख्खा भाऊ आहे. चौकटी कंस विसरला आणि नुसती ओळ दिली, तर मॉड्यूल त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणजे एकेक रकाना धरतं. इंग्रजी मजकुरात हे लगेच कळतं. मराठीत मात्र जो काय अवतार होतो तो बघण्यासारखा असतो, कारण मात्रा आणि हलन्तसुद्धा सुटे होतात. ‘एल्बो,नग’ दिलं की फाइलमध्ये उतरतं ते असं:

ए,ल,्,ब,ो,",",न,ग

मधला तो कोटांतला स्वल्पविराम बघा. तो मूळ ओळीतला आपलाच स्वल्पविराम, आता स्वतंत्र रकाना म्हणून मिरवतोय. त्यात स्वल्पविराम आहे म्हणून त्याला कोट. मॉड्यूल इतकं नियमाला धरून असतं की कधीकधी हसू येतं.

दुसरा प्रकार खास आपल्याकडचा: रकमा. १,२५,००० असं लाखाप्रमाणे लिहायची आपल्याला सवय. पायथॉनला स्वल्पविराम घालायला सांगितलं तर ते हजाराहजाराने घालतं, १२५,००० असं. म्हणून प्रत्येक जण लाखाचे स्वल्पविराम घालणारं स्वतःचं छोटं फंक्शन लिहितो. ते छान चालतं, बिलावर छापायला उत्तम. पण त्यातून बाहेर पडतो तो आकडा नसतो, स्वल्पविराम असलेला मजकूर असतो, आणि सीएसव्हीत तो "१,२५,०००" असा कोटांत बसतो. पुढचं सॉफ्टवेअर त्याची बेरीज करत नाही आणि शिव्या पायथॉनला पडतात. फाइलमध्ये आकडा उघडाच जाऊ द्यावा. नटवायचं ते छापताना.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण त्यात कोट दिसतात पण कारण दिसत नाही. प्रत्येक ओळीच्या फक्त शेवटच्या रकान्याला कोट, आणि बंद करणारा कोट पुढच्या ओळीवर पडलेला:

कपलर,नग,"२५०
"

इथे कुणीतरी जुनी फाइल ओळीओळीने वाचली, स्वल्पविरामावर तोडली, आणि ओळीच्या शेवटचं ओळ मोडणारं अक्षर काढायचं राहून गेलं. ते अदृश्य अक्षर २५०ला चिकटून पुढे आलं. मॉड्यूलला ते दिसतं, आपल्याला नाही. अशा वेळी रकान्यातला मजकूर नुसता छापून बघू नका, पायथॉनचं ‘रेप्र’ फंक्शन लावून बघा, लपलेलं सगळं उघडं पडतं. एक्सेलच्या एकाच पेशीत ऑल्ट-एंटर मारून दोन ओळींत पत्ता लिहिणाऱ्यांच्या फाइलीतही असे कोट येतात, पण तिथे ते न्याय्य आहेत.

मग येतात आधीच कोट घेऊन आलेले पाहुणे. एखाद्याने मजकुराला स्वतःच्या हाताने कोट लावले आणि मग तो मॉड्यूलला दिला, की आउटपुट """कपलर""" असं येतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन. जेसन या दुसऱ्या डेटा फॉरमॅटमध्ये बदललेला मजकूर रकान्यात टाकला तरी हेच. पण यापेक्षा वाईट ते जे वाचतानाच आत शिरतात. समजा, कुणी दिलेल्या फाइलमध्ये स्वल्पविरामानंतर एक स्पेस आहे:

१०१, "कपलर", नग

वाचणारा रकान्याच्या अगदी पहिल्या जागी कोट शोधतो. इथे पहिल्या जागी स्पेस आहे, म्हणून पुढचे कोट त्याला साधी अक्षरं वाटतात आणि ती मजकुराचा भाग बनून आत येतात. तेच परत लिहिलं की " ""कपलर""" असं काहीतरी बाहेर पडतं. उपाय वाचायच्या बाजूला आहे: ‘स्किपइनिशियलस्पेस’ चालू करायचं. लिहायच्या बाजूला कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना याचाच एक छुपा अवतार भेटतो. एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडल्यावर देवनागरी नीट दिसावी म्हणून आपण फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) लिहितो, त्यात फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण असते, बॉम म्हणतात तिला. अशी फाइल परत वाचताना नुसतं ‘यूटीएफ-८’ दिलं तर ती खूण पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते. आणि शीर्षक कोटांत असलं तर? कोट पहिल्या जागी राहत नाही, खूण राहते. झालं, कोट मजकुरात आले. मग ‘माल’ नावाचा रकाना सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम रडतो, कारण त्याचं खरं नाव आता अदृश्य खूण, कोट, माल, कोट असं झालेलं असतं. वाचतानाही ‘सिग’वालंच एन्कोडिंग द्यावं.

आता बटणांकडे वळते. मॉड्यूलमध्ये कोटांसाठी चार जुनी सेटिंग आहेत: मिनिमल, ऑल, नॉन-न्यूमेरिक आणि नन. ऑलमध्ये सगळ्यांना सरसकट कोट. नॉन-न्यूमेरिकमध्ये आकडे सोडून बाकीच्यांना. यात एक गंमत अशी की आकडा म्हणजे पायथॉनच्या लेखी खराखुरा आकडा हवा. दुसऱ्या सीएसव्हीतून वाचलेले २५० हा मजकूर असतो, कारण वाचणारा सगळं मजकूर म्हणूनच देतो. त्यामुळे ‘नॉन-न्यूमेरिक लावलं तरी आकड्यांना कोट कसे?’ हा प्रश्न येतो. आधी त्याचा पूर्णांक करा, मग द्या.

आणि चौथं, नन, म्हणजे कोट अजिबात नकोत. याच्यावर मला जरा थांबायचंय, कारण नको असलेले कोट घालवायला म्हणून सगळे इथेच येऊन अडकतात.

एका बँकेचं पोर्टल पगाराच्या फाइलमध्ये कोट अजिबात चालवून घेत नव्हतं. खाते क्रमांक, नाव, आयएफएससी, रक्कम, शेरा, असे पाच रकाने स्वल्पविरामाने वेगळे, आणि कोट दिसला की ‘फॉरमॅट चुकीचा’ म्हणून अख्खी फाइल परत. पतसंस्थेच्या कॅशियरबाई शेऱ्यात ‘मार्च पगार, फरकासह’ लिहायच्या. मिनिमलने त्याला कोट लावले. त्यांच्या भाच्याने नन लावून दिलं. मग मॉड्यूल थांबलं आणि म्हणालं की एस्केप करायची (‘पुढचं चिन्ह साधं अक्षर समज’ अशी खूण आधी लावायची) गरज आहे पण एस्केपचार, म्हणजे ती खूण, दिलेला नाही. भाच्याने एस्केपचार म्हणून बॅकस्लॅश दिला. आता फाइल लिहिली गेली, पण शेरा ‘मार्च पगार\, फरकासह’ असा झाला. पोर्टलला बॅकस्लॅशचा अर्थ कुठे ठाऊक? त्याने स्वल्पविरामावर तोडून सहावा रकाना मोजला आणि फाइल परत केली. कुणीतरी सांगितलं, एस्केपचार म्हणून स्पेस द्या. तेही करून झालं. स्वल्पविरामाच्या आधी एक स्पेस आली, स्वल्पविराम होता तिथेच राहिला.

यात मॉड्यूलचा दोष काडीचाही नाही. समोरच्याला कोट कळत नाहीत, एस्केप कळत नाही, म्हणजे त्याच्या फॉरमॅटमध्ये स्वल्पविरामाला जागाच नाही. मग तो मजकुरातून काढणं किंवा रकाने वेगळे करायला दुसरं चिन्ह वापरणं, हे दोनच रस्ते उरतात. समोरचा पाइप (उभी रेघ, |) किंवा टॅब घेत असेल तर तो रस्ता उत्तम. एका ओळीत काम होतं. घेत नसेल तर शेऱ्यातले स्वल्पविराम प्रोग्रॅमने काढून टाकायचे, रक्कम विनास्वल्पविराम द्यायची, नावाच्या आगेमागेच्या स्पेस छाटायच्या. एवढं केलं की मिनिमलवर ठेवूनसुद्धा फाइलमध्ये एकही कोट येत नाही.

तरीही मी बँकेच्या फाइलीला ननच लावते, आणि एस्केपचार मुद्दाम देत नाही. घरातल्या फ्यूजसारखा त्याचा उपयोग आहे. उद्या कॅशियरबाईंनी नावाच्या रकान्यात ‘पाटील, एस. बी.’ असं लिहिलं आणि माझ्या साफसफाईतून ते सुटलं, तर मॉड्यूल तिथेच थांबतं. चुकीची फाइल बँकेत जात नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. चूक सापडेपर्यंतच्या ओळी फाइलमध्ये लिहून झालेल्या असतात, आणि अर्धवट फाइल दिसायला पूर्ण फाइलसारखीच असते. म्हणून आधी मेमरीत लिहायचं, सगळं निर्वेध झालं तरच डिस्कवर ठेवायचं. पगाराची अर्धी फाइल चढवली तर काय होईल ते सांगायला नको.

ननबद्दल माझी तक्रार आहे ती वेगळीच. स्वल्पविराम नसला, नुसती इंचाची खूण असली, तरी नन अडतं. कारण कोट म्हणून वापरायचं चिन्ह मजकुरात दिसलं की त्यालाही एस्केप हवं असं ते धरून चालतं. कोट लावूच नको असं सांगितल्यावर कोटाच्या चिन्हाला भ्यायचं कारण काय? त्यासाठी ‘कोटचार’ (कोट म्हणून वापरायचं चिन्ह) या सेटिंगलाही नन म्हणजे ‘काही नाही’ असं द्यावं लागतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे आहे, पण एका वाक्यात, आणि ज्याला हवं असतं त्याच्या नजरेतून सुटणाऱ्या जागी. असं केलं की ओळ अण्णांना हवी तशी येते:

पीव्हीसी पाइप ३/४",मीटर,१२०

डोळ्यांना स्वच्छ. पण ही फाइल पुढे कोण वाचणार ते बघूनच लिहावी. कोट मधे किंवा शेवटी असेल तर पायथॉनचा वाचणारा निभावून नेतो. रकान्याच्या सुरुवातीलाच असेल, जसं "ए" ग्रेड पाइप, तर तो कोट उघडणारा समजला जातो, आणि वाचून हातात येतं ते नुसतं ‘ए ग्रेड पाइप’. कोट गायब, एरर नाही, कुणाला पत्ता नाही.

चूक कळवण्यातही मॉड्यूल कंजूष आहे. एस्केप करायची गरज आहे म्हणतं, पण कुठल्या ओळीत, कुठल्या रकान्यात, ते सांगत नाही. हजारो ओळींच्या फाइलमध्ये हे शोधायला आपणच ट्राय-एक्सेप्ट (पायथॉनमधली एरर पकडायची सोय) लावून ओळ क्रमांक छापायचा. इतकी वर्षं झाली, एवढं द्यायला हवं होतं.

पँडाज हे पायथॉनमधलं तक्ते हाताळायचं पॅकेज वापरणाऱ्यांनी वेगळा विचार करायची गरज नाही. त्याचं ‘टू सीएसव्ही’ आतून याच मॉड्यूलला हाक मारतं आणि सेटिंगही हीच. फक्त तिथे लोक नाव न लिहिता क्वोटिंगला ३ देतात, म्हणजे नन. शून्य मिनिमल, एक ऑल, दोन नॉन-न्यूमेरिक. सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड वाचताना तो ३ कशाचा हे आठवत नाही, तेव्हा नावच लिहावं. आणखी एक खाच: पँडाजमध्ये दशांश किती दाखवायचे ते ‘फ्लोट फॉरमॅट’ने ठरवलं की आकड्यांचा मजकूर होतो, आणि मग नॉन-न्यूमेरिक त्यांनाही कोट लावतं.

इतर दुकानांतला, म्हणजे इतर भाषांतला, माल बघितला की या मॉड्यूलची किंमत जास्त कळते. पीएचपीचं ‘एफपुटसीएसव्ही’ मजकुरात साधी स्पेस असली तरी कोट लावतं. म्हणजे ‘कपलर’ उघडा आणि ‘बॉल व्हॉल्व्ह’ कोटांत. नियमाने चूक नाही, पण गरजही नाही, आणि ते बंद करायची सोय त्या फंक्शनमध्ये नाही. विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल ५.१ तर प्रत्येक रकान्याला कोट लावतंच लावतं, वर पहिल्या ओळीत स्वतःची एक टाइपची ओळ डकवतं. ती वेगळा स्विच देऊन घालवावी लागते. कोटांवर ताबा मिळाला तो २०२० सालच्या पॉवरशेल ७पासून, आणि तो मात्र झकास आहे: कधीच नको, गरजेपुरते, नेहमी, शिवाय अमुक रकान्यालाच कोट लावा असंही सांगता येतं. जावावाल्यांचं ओपनसीएसव्ही मुळात सगळ्यांना कोट लावतं, ‘फक्त गरजेपुरते’ हे आपण सांगायचं. आरचं ‘राइट सीएसव्ही’ सगळ्या मजकुराच्या रकान्यांना कोट लावतं, आणि ते बंद करायचा पर्याय सरळ बंदच करतो. स्वल्पविराम असला तरी कोट नाही, एरर नाही, फाइल मोडली तर तुमचं नशीब. या रांगेत पायथॉनचं मॉड्यूल सगळ्यात समंजस वाटतं. मोडकी फाइल लिहिण्यापेक्षा ते थांबणं पसंत करतं.

पॉवरशेलची ती रकान्यागणिक कोटांची सोय मात्र मला पायथॉनमध्ये हवी आहे. काही जुनी सॉफ्टवेअर्स ‘मालाच्या नावाला कोट हवेतच, बाकी कुठे नकोत’ अशी अट घालतात. २०२३च्या ३.१२ आवृत्तीत दोन नवी सेटिंग आली, ‘स्ट्रिंग्ज’ आणि ‘नॉट नल’. स्ट्रिंग्जमध्ये मजकुराला नेहमी कोट, आणि ‘काही नाही’ असलेला रकाना कोटांशिवाय रिकामा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये माल भरणाऱ्यांना हे वरदान आहे, कारण तिथे सीएसव्हीतला उघडा रिकामा रकाना म्हणजे नल (‘काही नाही’) आणि कोटांतला रिकामा म्हणजे रिकामा मजकूर असा फरक धरतात. पूर्वीच्या सेटिंगमध्ये हे दोन्ही एकसारखेच लिहिले जायचे. पण रकान्याचं नाव घेऊन सांगायची सोय अजून नाही ती नाहीच.

एक समज मला जागोजागी भेटतो, तो इथे मोडून टाकते. ‘खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य जाऊ नयेत म्हणून ऑल लावा, कोटांत असलं की एक्सेल मजकूर समजेल.’ समजत नाही. डबल क्लिक करून उघडलं की एक्सेल कोट काढून टाकतं आणि आतला आकडा दिसला की आकडाच धरतं. शून्य गेले. पंधरा आकड्यांपुढचे अंकही शून्य होतात, त्यामुळे सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक कायमचा हरवतो. अशी फाइल एक्सेलच्या डेटा मेनूतून आत घ्यायची आणि तो रकाना मजकूर म्हणून निवडायचा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये मात्र उघडताना जी खिडकी येते तिच्यात ‘कोटांतला रकाना मजकूर समजा’ अशी खूण करता येते; तिथे ऑलचा खरोखर उपयोग होतो. अण्णांच्या मुलाला मी कॅल्कच लावून दिलंय.

किरकोळ दोन गोष्टी. विंडोजवर फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ रिकामी द्यायची, नाहीतर एक ओळ सोडून एक रिकामी ओळ येते. कोटांशी संबंध नाही, पण त्याच फाइलवर दोन्ही तक्रारी एकदम येतात. आणि एकाच रकान्याची फाइल असेल आणि तो रकाना रिकामा असेल, तर मॉड्यूल "" असं लिहितं. ते मुद्दाम आहे, नाहीतर ती ओळ आहे की नाही हेच कळणार नाही. ननमध्ये तर ते अशा ओळीला सरळ नकार देतं.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण कापलाय तो एररमध्ये ओळ क्रमांक न देण्याबद्दल, ननमधल्या त्या कोटचारच्या आडवळणाबद्दल, आणि रकान्यागणिक सोय नसल्याबद्दल. वेगाबद्दल काही म्हणायचं नाही. आतलं काम सीमध्ये आहे, दुकानाच्या स्टॉकला ते पुरून उरतं.

घ्यायच्या आधी एक बघा. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत काउंटरवरचा कॉम्प्युटर अजून विंडोज ७चा असतो, आणि त्यावर पायथॉन ३.८च्या पुढे बसत नाही. तिथे स्ट्रिंग्ज आणि नॉट नल मिळणार नाहीत, जुन्या चारांतच भागवावं लागेल. अशा ठिकाणी मालाच्या नावाला कोट आणि बाकी सगळे उघडे हवे असतील, तर नग आणि दर खरे आकडे करून द्या, नॉन-न्यूमेरिक लावा, आणि एककाचा रकाना मजकूरच असल्यामुळे त्यालाही कोट येतील, ते चालेल का हे समोरच्या सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारून घ्या.